वलगणीची वाट

डोंबिवली पूर्वेला रिक्षात बसून ‘नांदिवली’ म्हटलं की रिक्षावाला पुढे काही विचारत नाही, मीटरकडे न बघता निघतो आणि दहा-पंधरा मिनिटांत सोडतो. कल्याण पूर्वेला हाच शब्द उच्चारला तर रिक्षा मलंगगडाच्या रस्त्याला लागते आणि भलत्याच नांदिवलीत नेऊन उभं करते. चूक कुणाचीच नाही, कारण गावंच दोन आहेत. तलाठ्याच्या दप्तरात एक ‘मौजे नांदिवली तर्फ पंचानंद’ आहे आणि दुसरं ‘मौजे नांदिवली तर्फ अंबरनाथ’. तर्फ म्हणजे परगण्याच्या पोटातली जुनी महसुली वाटणी. ती वाटणी करणारं राज्य गेलं, त्यानंतर आलेला इंग्रजही गेला, तर्फेचा कारभार पाहणारा माणूस तर केव्हाच उरला नाही. पण एकाच नावाची दोन गावं ओळखायला दुसरी खूण नव्हती, म्हणून तर्फ सातबाऱ्यावर टिकून राहिली.

मार्च २०२०मध्ये या मृत शब्दाला अचानक जीव आला. कल्याण-डोंबिवली महापालिकेतल्या सत्तावीस गावांपैकी अठरा गावं बाहेर काढायची आणि नऊ आत ठेवायची, असं राज्य सरकारने ठरवलं. आत राहणाऱ्यांत आजदे, सागाव, घारिवली, संदप, उसरघर, काटई, भोपर, देसलेपाडा आणि ‘नांदिवली पंचानंद’ ही नावं होती. ‘नांदिवली तर्फ अंबरनाथ’ बाहेर गेलेल्या अठरांत होतं. एक नांदिवली शहर झाली, दुसरी पुन्हा गाव. डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली आणि दोन्ही नांदिवल्या परत एका छताखाली आल्या. या सगळ्या काळात जमीन एक वीतभरही हलली नव्हती.

हा लेख त्या जमिनीबद्दल आहे. ‘सत्तावीस गावं’ हा कल्याण-डोंबिवलीत आता आकडा राहिलेला नाही, ते एक विशेषनाम झालं आहे. मोर्चाच्या फलकावर, निवडणुकीच्या सभेत, बिल्डरच्या कचेरीत ते एकाच दमात म्हटलं जातं. पण माळेत ओवल्यासारखी सत्तावीस नावं घेताना ही गावं कशावर उभी आहेत हे बघायचं राहून जातं. मला ते कागदावर कळलं नाही. एका पावसाळ्यात पाण्यामागून चालत गेलो तेव्हा थोडंफार कळलं.

*

पाणी सुरू होतं मलंगगडापासून. कल्याणहून दक्षिणेला पाहिलं की क्षितिजावर जो दातेरी डोंगर दिसतो, तो हा. इंग्रजांना त्या सुळक्यांत चर्चचे मनोरे दिसले, म्हणून त्यांनी रांगेला ‘कॅथीड्रल रॉक्स’ म्हटलं. पीरमाची, सोनमाची आणि वर बालेकिल्ला असे गडाचे तीन टप्पे आहेत. १७८०मध्ये कॅप्टन ॲबिंग्टनच्या फौजेने खालची माची घेतली, पण बालेकिल्ला काही पडेना. माचीवर हाजी मलंगचा दर्गा आहे, हिंदू भाविक त्याच जागेला मलंग मच्छिंद्रनाथांची समाधी मानतात आणि वहिवाट परंपरेने एका ब्राह्मण घराण्याकडे आहे. जागा कुणाची या वादावर भरपूर लिहून झालंय, इथे तो नको. आपल्याला गडाचा उतार हवा आहे.

या रांगेचं पाणी एका दिशेला जात नाही. काकोळ्याच्या डोंगरातून वालधुनी निघते. तिथे जी.आय.पी. रेल्वेने बांधलेला तलाव आजही ‘जीआयपी टँक’ म्हणून ओळखला जातो. तिथून ती अंबरनाथच्या शिवमंदिराच्या पायाशी येते आणि उल्हासनगरातून कल्याणच्या खाडीला मिळते. शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा शिलालेख असलेलं शिलाहारांचं हे देऊळ नदीकाठी का बांधलं, हे आज वालधुनीचा रंग बघून कुणालाही पटणार नाही. बाकीचे ओहोळ पश्चिमेकडे वळतात, खोणी, निळजे, काटईच्या सखल पट्ट्यातून देसाईच्या खाडीकडे सरकतात. डोंगर ते खाडी हे अंतर पायी एका दिवसाचं. तेवढ्यात तीन प्रकारची जमीन भेटते आणि तीन प्रकारची शेती.

डोंगराच्या पायथ्याशी वरकस. मुरमाड, उताराची, भाताला निरुपयोगी. ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या इथे. नाचणी, वरी आणि गवत हे इथलं पीक. त्याखाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी भाताची खाचरं. आणि सगळ्यात खाली, जिथे भरतीचं पाणी पोचतं, तिथे खार.

वरकस जमिनीला सरकारी भाषेत आणि बिल्डरच्या भाषेत ‘पडीक’ म्हणतात. शेतकऱ्याने ते कधी मान्य केलं नसतं. इथलं भात राबावर होतं. पावसाळ्याआधी रोपाच्या वाफ्यावर शेण, पालापाचोळा, तोडलेली टहाळं आणि गवत यांचे थर रचायचे, वर मातीची पातळ चादर घालायची आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटवायचं. राब सावकाश भाजला पाहिजे, भडकता कामा नये. तणाचं बी जळतं, राख मातीत मुरते, माती भुसभुशीत होते. मृगात पेरणी, रोप वीतभर झालं की उपटून मूठ बांधायची आणि चिखलात आवणी. हा सगळा पाला येतो कुठून? वरकसातून. खाचर आणि वरकस ही जोडी होती, एक दुसऱ्याला पोसत होतं. उताराच्या जमिनी आधी गेल्या, कारण त्या स्वस्त होत्या आणि त्यांत पाणी साचत नव्हतं. त्या गेल्या तेव्हाच खालच्या भाताचं निम्मं मरण ठरलं. हे कुठल्या विकास आराखड्यात लिहिलेलं नाही, पण राब भाजलेल्या कुणाही म्हातारीला विचारा.

वरकसाच्या गवतालाही मोल होतं. मुंबईतले घोडे आणि तबेल्यांतल्या म्हशी ठाणे जिल्ह्याच्या गवतावर पोसल्या गेल्या. रेल्वे कल्याणला पोचली १ मे १८५४ रोजी, ठाण्याच्या पहिल्या गाडीनंतर साधारण वर्षभराने. पुढे या गाड्यांनी माणसांइतकंच गवतही वाहिलं.

खारीची गोष्ट आणखी कष्टाची. खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा बांध घालायचा आणि पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून त्यात उघाडी ठेवायची. उघाडी म्हणजे लाकडी झडप. भरती आली की पाण्याच्या दाबाने आपोआप मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. यंत्र नाही, राखणदार नाही. पण खेकड्याने बांधाला एक भोक पाडलं आणि ते वेळेवर बुजवलं नाही, तर एका उधाणात सगळ्या गावाचं भात खारट. म्हणून बांधाची दुरुस्ती घरटी माणूस देऊन व्हायची. १८८२च्या ठाणे गॅझेटियरमध्ये ‘शिलोत्री’ नावाची जमीनधारा भेटते, ती अशाच बांध घालून मिळवलेल्या जमिनींची. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८मध्ये, खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदा झाला. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने ‘पनवेल १’, ‘पनवेल २’, ‘पनवेल ३’ असे मीठ सोसणारे भाताचे वाण दिले. वरच्या गोड्या जमिनीत ‘कर्जत’च्या वाणांचा बोलबाला. कर्जतचं भात संशोधन केंद्र १९१९पासूनचं. भात निघालं की ओलीवर वाल. थंडीतल्या वालाच्या बिरड्याला या पट्ट्यात जो मान आहे तो पंचपक्वान्नाला नाही.

आणि या तिन्ही जमिनींना शिवणारी एक गोष्ट आहे, वलगण. पहिले जोरदार पाऊस झाले की खाडीतले आणि डबक्यांतले मासे उलट्या प्रवाहाने वर चढतात. ओहोळातून खाचरात, एका खाचरातून वरच्या खाचरात, मेरेवरून, म्हणजे दोन खाचरांमधल्या बांधावरून, उडी मारून, अंडी घालायला. त्या दोन-चार रात्री गाव झोपत नाही. कंदील, हल्ली मोबाइलचा उजेड, हातात पाग किंवा नुसती टोपली. शेताच्या बांधातले मुठेही तेव्हाच निघतात. इकडे डोंगरातून शेवळं उतरतात, ठाकरणी ती कल्याणच्या बाजारात जुडी बांधून विकतात. मासा वाट चुकत नाही. जिथवर पाणी जोडलेलं आहे, तिथवर तो जातो. कुठलं गाव कुठल्या गावाला खरोखर लागून आहे, याचा इतका बिनचूक नकाशा दुसरा नाही.

*

इतिहासाच्या पुस्तकात कल्याण आहे. ‘पेरिप्लस’मधलं कल्लिएन, कान्हेरीच्या लेण्यांना दान देणारे कल्याणचे व्यापारी, १६५७मध्ये शिवाजी महाराजांनी घेतलेलं कल्याण, दुर्गाडीखालचा आरमाराचा प्रारंभ. त्या बंदराच्या पोटात तांदूळ घालणाऱ्या गावांना पुस्तकात जागा नाही. त्यांचा इतिहास नावांत शोधावा लागतो. नांदिवली, पिसवली, गोळवली, घारिवली, आडिवली आणि अर्थात डोंबिवली. यातलं ‘वली’ म्हणजे ‘पल्ली’, असं अभ्यासक मानतात, आणि शिलाहारांच्या ताम्रपटांत, शिलालेखांत ‘पल्ली’ अंती असलेली खेडी भेटतात. सोनारपाडा, देसलेपाडा, चिंचपाडा ही मागून फुटलेली वस्ती, पाडा म्हणजे मूळ गावाची शाखा. उसरघर आणि घेसर कुठून आले, यावर गावात प्रत्येकाकडे वेगळी कथा आहे आणि सगळ्या ऐकायला छान आहेत.

शिलाहारांच्या काळातली आणखी एक खूण ठाणे जिल्ह्यात ठिकठिकाणी उभी आहे, गद्धेगाळ. दान दिलेल्या जमिनीच्या हद्दीवर रोवलेला दगड, वर चंद्र-सूर्य, खाली गाढव आणि स्त्री यांचं चित्र. ही हद्द मोडेल त्याला ही शिवी, असा सरळ हिशेब. अक्षर न येणाऱ्यालाही समजेल अशी अधिसूचना. पुढच्या आठशे वर्षांत हद्दींच्या अधिसूचना बऱ्याच निघाल्या, पण इतकी स्पष्ट एकही नाही.

गावं मुख्यतः आगरी. गावदेवीची चैत्रातली पालखी, एकवीरेची वारी, लग्नाच्या हळदीत धवले गाणारी धवलारीण. सोबत वारकरी पंथाचा मोठा प्रभाव. सावळाराम महाराज म्हात्रे यांचं नाव या भागात आजही आदराने घेतात, डोंबिवलीचं क्रीडासंकुल त्यांच्याच नावाचं आहे. काटई-शीळ रस्त्यावर खिडकाळीचं शिवमंदिर आहे. महाशिवरात्रीला तिथली जत्रा पाहिली तर शहराने गिळलेली गावं कुठे गेली या प्रश्नाचं उत्तर मिळतं. ती सगळी तिथे रांगेत उभी असतात.

*

जमीन पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर गेली ती युद्धात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांना या पट्ट्याचं सपाटपण आवडलं. वालधुनीच्या काठी लष्करी छावण्या उठल्या, त्यांना ‘कल्याण कॅम्प’ म्हणत. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्याचं उल्हासनगर झालं. त्याच युद्धासाठी दक्षिणेला नेवाळीला धावपट्टी झाली. दीड हजार एकरांहून जास्त जमीन शेतकऱ्यांकडून घेतली गेली.

युद्ध संपलं, विमानं गेली. धावपट्टीला भेगा पडल्या आणि भेगांभोवतीच्या जमिनीवर शेतकऱ्यांनी पुन्हा नांगर धरला. कागदावर ती संरक्षण खात्याची, चिखलात ती कुळांची, असं दोन-तीन पिढ्या चाललं. युद्धापुरती घेतली होती, युद्ध संपल्यावर परत द्यायला हवी होती, हे शेतकऱ्यांचं म्हणणं. जमीन रीतसर संपादित झालेली आणि आमच्या ताब्यातली, हे नौदलाचं. मधल्या काळात नवी मुंबईच्या विमानतळाला पर्याय म्हणूनही नेवाळीचं नाव निघून गेलं. २०१७मध्ये नौदलाने संरक्षक भिंत घालायला घेतली, आणि भिंत उभी राहायला लागली ती पेरणीच्या तोंडावर. २२ जून रोजी नेवाळी, भाल आणि आसपासच्या गावांतले लोक रस्त्यावर उतरले. गाड्या जळल्या, पोलीस जखमी झाले, आंदोलकांवर छऱ्यांच्या बंदुका चालल्या. वृत्तवाहिन्यांनी दोन दिवस ते दाखवलं. तारखेकडे मात्र फारसं कुणी लक्ष दिलं नाही. जूनच्या चौथ्या आठवड्यात रोप वाफ्यात असतं. त्या वेळी भिंत घालणं म्हणजे काय, हे शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

नेवाळीचं दुःख उघड दिसलं म्हणून मोठं वाटतं. बाकीच्या गावांची जमीन आवाज न करता गेली. कूळकायदा १९४८चा, पण कसणाऱ्याला मालक करणारा ‘कृषक दिन’ १ एप्रिल १९५७. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या नावावर कसलेल्या जमिनीचा सातबारा तेव्हा कुठे आगरी घरांत आला. साठच्या दशकात डोंबिवलीची औद्योगिक वसाहत आली, सोनारपाडा, सागाव, गोळवलीच्या शेतांवर. १ ऑक्टोबर १९८३ रोजी महापालिका आली. म्हणजे मालकी हातात पडल्यापासून शहर दारात उभं राहीपर्यंत इथल्या शेतकऱ्याला मोजून सव्वीस वर्षं मिळाली. ‘आगऱ्यांनी जमिनी विकून गाड्या घेतल्या’ असं डोंबिवलीत चहा पिता पिता सहज म्हटलं जातं. हे म्हणणारे स्वतः ज्या इमारतीत राहतात ती कशावर उभी आहे, हे विचारायचं मी आता सोडून दिलं आहे.

मग सुरू झाला आत-बाहेरचा खेळ. १९८३ला आत. १२ जुलै २००२ला बाहेर, कारण कर वाढला, पाणी-रस्ते आले नाहीत, आम्हाला आमच्या ग्रामपंचायती परत द्या ही मागणी. मधल्या वर्षांत नियोजन एमएमआरडीएकडे, कारभार ग्रामपंचायतींकडे, आणि बेकायदा इमारती कुणाकडेच नाहीत अशी व्यवस्था. २०११च्या जनगणनेत महापालिकेची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात भरली, त्यात ही गावं नव्हती, मात्र त्यांच्या चाळी आणि चार-पाच मजली इमारती रोज त्याच स्टेशनांवर गर्दी करत होत्या. १ जून २०१५ला पुन्हा आत. स्वतंत्र नगरपालिका हवी, म्हणून गावांच्या संघर्ष समितीची आंदोलनं. २०२०ला अठरा बाहेर, त्याच वर्षी पुन्हा आत. समितीच्या बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे, दोघेही मला पटले, हे कबूल करतो. शहरात राहिलं तर कर वाढतो आणि गावठाणातलं घर अनधिकृत ठरतं. बाहेर राहिलं तर नळाला पाणी येत नाही.

नळाचं पाणी हा इथला सगळ्यात कडवट विषय. बारवी धरणाची जलवाहिनी काटई-बदलापूर रस्त्याच्या कडेने याच गावांना वळसा घालून जाते. लोक त्या रस्त्याला पाइपलाइन रोडच म्हणतात. ७ मे २०२२ रोजी संदपच्या खदानीत कपडे धुवायला गेलेल्या एकाच कुटुंबातल्या पाच जणांचा बुडून मृत्यू झाला. ते देसलेपाड्यात राहणारे होते. घरात पाणी नव्हतं म्हणून खदानीवर. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा प्रदेश आहे.

*

भोपर, संदप, उसरघर, घारिवली, माणगाव, हेदुटणे, कोळे, काटई, निळजे आणि घेसर या दहा गावांच्या १०८९ हेक्टरांवर ‘कल्याण ग्रोथ सेंटर’ आखलेलं आहे. निळज्याच्या पलीकडे पलावा या गृहसंकुलाचे मनोरे उभेच आहेत. कल्याण-तळोजा मेट्रोचा मार्ग शीळ रस्त्याने येतो. तिच्या नियोजित स्थानकांची यादी वाचताना मी थबकलो: गोळवली, सागाव, सोनारपाडा, हेदुटणे, कोळेगाव, निळजे गाव, वाकळण. भात लावायच्या चिखलात पाय रोवून ज्यांनी ही नावं धरून ठेवली त्यांच्या वस्त्या आता स्थानकांच्या घोषणेत ऐकू येतील. ‘निळजे गाव’ हे तर फारच आवडलं. स्थानकाला गाव म्हणायचं सुचलं, यात कुणाचा तरी जीव अडकलेला असणार.

मागच्या वर्षी एका मित्राने त्या भागात फ्लॅट घेतला. बाविसावा मजला. करारनामा वाचून दाखवताना तो एका ओळीवर अडला. ‘मौजे निळजे, सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा नंबर तमुक.’ हिस्सा म्हणजे काय, मला त्याचा हिस्सा मिळणार का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, भावाभावांनी शेत वाटून घेतलं की पडतो तो हिस्सा. तुझ्या दिवाणखान्याच्या सरळ खाली, बावीस मजले उतरून, दोन भावांमधली मेर आहे.

जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसानंतर त्याच्याकडे गेलो होतो. येताना मुद्दाम रस्ता सोडून ओहोळाच्या काठाने आलो. जिथे ओहोळ रस्त्याखालून जातो तिथे सिमेंटचा नवा नळ टाकलेला आहे, त्याचं तोंड प्रवाहाच्या पातळीपेक्षा हातभर उंच. खालच्या डबक्यात पाणी खळखळत होतं आणि त्यात मासे उड्या मारत होते. एक उडी नळाच्या ओठापर्यंत पोचे, आदळे, परत खाली. चार-पाच पोरं मच्छरदाणीचं कापड ताणून उभी होती. त्यांना वर जायची गरज नव्हती, मासे इथेच अडकले होते. कुठून आलात म्हणून विचारलं, तर एकाने हात मागे दाखवला, ‘नांदिवली’. कुठली, ते विचारायचं राहिलं.